रिकाम्या वॉर्डचा आवाज

भयपट बघताना लोक डोळ्यांवर हात धरतात, मी हेडफोन काढून ठेवते. सतरा वर्षं साउंड एडिटिंग करतेय. पडद्यावर काय दिसतंय याच्या आधी खाली काय वाजतंय ते माझ्या कानात शिरतं, आणि घाबरायची वेळ आली की मी तिथूनच घाबरते. ओसाड पडलेल्या मनोरुग्णालयात घडणारे मानसशास्त्रीय भयपट माझ्या फार जवळचे. या प्रकारातलं हाताला लागेल ते मी बघते, पुन्हा पुन्हा बघते. आणि याच प्रकाराचा मला मनापासून रागही येतो. गेल्या महिन्यात तो राग एका कामाच्या निमित्ताने वर आला, म्हणून लिहायला बसले.

काम एका चित्रपटाचं होतं. बंद पडलेलं मनोरुग्णालय, रात्र, टॉर्च घेऊन एकटी चाललेली नायिका, लांबच लांब कॉरिडॉर. त्या दृश्याखाली मी फार थोडं ठेवलं होतं: तिच्या बुटांखाली चुरडणारे रंगाचे पोपडे, कुठूनतरी ठिबकणारं पाणी आणि त्या जागेची हवा. दिग्दर्शक माझ्याहून बराच लहान, गुणी मुलगा. त्याने दोनदा ऐकलं आणि म्हणाला, "ताई, छान झालंय, पण रिकामं वाटतंय. मागून किंकाळ्या येऊ देत ना. वेड्यांच्या."

अशा किंकाळ्या तयार मिळतात. साउंड लायब्ररीत त्यांचे फोल्डरच्या फोल्डर असतात: बाईचं खदाखदा हसणं, पुरुषाचं रडणं, साखळदंड, दारावर आपटणारे हात. मी उघडून त्याला ऐकवलेही. त्यातलं एक हसू मी आजवर किमान पाच-सहा चित्रपटांत ओळखलंय. ते हसू कोणाचं, ती का हसतेय, तिला काय सांगायचंय, याच्याशी कोणालाच देणंघेणं नसतं. ते वाजलं की प्रेक्षकाने समजायचं, आपण कुठे आलो. मला खटकतं ते हेच, पण त्या दिवशी त्याला नीट सांगता आलं नाही. "बघते," एवढंच म्हटलं.

आमच्या कामात रूम टोन नावाची एक गोष्ट असते. शूटिंग आटोपलं की सगळ्या युनिटला जागच्या जागी गप्प उभं करायचं आणि त्या जागेची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. अर्धा मिनिट, एक मिनिट. पुढे एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधली भोकं तिने बुजवायची असतात. शांतता सगळीकडे सारखीच, असं वाटतं ना? जिन्याची वेगळी असते, गादी असलेल्या खोलीची वेगळी, रिकाम्या खोलीची वेगळी. ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते सर याबाबत फार कडक होते. टोन न घेता कोणी परत आलं तर एका मिनिटासाठी पुन्हा लोकेशनवर पिटाळायचे.

तर काही वर्षांपूर्वी एका माहितीपटासाठी मी अशाच एका बंद वॉर्डचा टोन घ्यायला गेले होते. खाटा कधीच्या उचलून नेलेल्या, पण जिथे जिथे खाट होती तिथे भिंतीवर ऑइलपेंटने नंबर घातलेला. माझ्या समोरचा २३. रेकॉर्डर चालू केला, गेन, म्हणजे बारीक आवाज पकडायची त्याची ताकद, वाढवला आणि श्वास धरून उभी राहिले. हेडफोनमध्ये टिक् झालं. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टिक्. हेडफोन काढले तर काहीच ऐकू येईना. घातले की पुन्हा टिक्. दाराशी उभ्या असिस्टंटकडे बघितलं, तर त्याने हात वर करून दाखवले, मी हललेलो नाही. मग बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, हळूहळू फिरवत मी त्या आवाजाच्या मागे गेले. वर लोखंडी पट्टी राहून गेली होती, खाटेभोवती ओढायच्या पडद्याची. पडदा नव्हता. पट्टीत एकच हुक अडकलेला होता. झरोक्यातून वारा आला की तो केसभर हलायचा आणि पट्टीला टेकायचा.

कारण सापडलं की भीती जाते म्हणतात. माझी गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. त्या हुकाला कधी काळी पडदा होता, पडद्याआड खाट होती, खाटेवर नंबर २३ असलेलं कोणीतरी निजत होतं आणि झोप न लागलेल्या रात्री बहुधा हेच टिक् मोजत होतं. तीन मिनिटं बारा सेकंदांची ती फाइल अजून माझ्याकडे आहे.

हे असं ऐकायची सवय मला एका चित्रपटाने लावली. ब्रॅड अँडरसनचा 'सेशन नाइन', २००१ सालचा. गोष्ट पाच कामगारांची. बंद पडलेल्या मनोरुग्णालयातलं ॲस्बेस्टॉस काढायचं कंत्राट त्यांनी घेतलंय. मालक गॉर्डन, म्हणजे पीटर मलन, पैशाने पुरता अडचणीत आणि घरी तान्हं बाळ. काम मिळावं म्हणून आठवड्यात उरकून देतो असं कबूल करून बसलाय, वर दहा हजार डॉलरचा बोनस आहे. एवढंच. बराचसा चित्रपट भर दिवसा घडतो. माणसं बाहेर उन्हात बसून डबा खातात, एकमेकांची उणीदुणी काढतात, आत जाऊन भिंती खरवडतात. त्या वेळी नव्या असलेल्या सोनीच्या २४पी, म्हणजे सेकंदाला चोवीस फ्रेम घेणाऱ्या, डिजिटल कॅमेऱ्यावर तो चित्रित केलाय, आणि त्या जराशा सपाट, कोरड्या चित्रामुळे उन्हाचीच धास्ती वाटायला लागते.

त्या पाचांपैकी माइकला तळघरात एक खोका सापडतो. आत टेपची नऊ रिळं. मेरी हॉब्ज नावाच्या एका रुग्णाच्या मुलाखती, एका डॉक्टरने घेतलेल्या. तो कामातून अंग काढून रोज एकेक सेशन ऐकत राहतो. मेरीच्या आत अनेक जण राहतात. प्रिन्सेस लहान मुलीसारखी बोलते. बिली सगळं बघत असतो. डॉक्टर शांतपणे विचारत जातो, तू कुठे राहतोस, तू कुठे राहतेस. प्रिन्सेस जिभेवर राहते, कारण ती सारखी बोलते. बिली डोळ्यांत राहतो, कारण त्याला सगळं दिसतं. आणखी एक जण आहे, सायमन, आणि त्याच्याबद्दल बोलायला दोघंही तयार नसतात. तो कुठे राहतो हे शेवटी कळतं. ते मी सांगणार नाही.

यात मेरी जिवंत माणूस म्हणून एकदाही चालतबोलत समोर येत नाही. कोपऱ्यातून झेप घेत नाही, भिंतीवर चढत नाही. ती असते फक्त टेपवर, ज्युरियन ह्यूज या अभिनेत्रीच्या आवाजात. त्या आवाजाला वाक्यं आहेत. ती थांबते, टाळते, घाबरते, खोटं बोलते, पुन्हा खरं बोलते. पहिल्यांदा बघताना तिसऱ्या-चौथ्या टेपला मी डोळे मिटून घेतले होते. टेपची खरखर, डॉक्टरच्या प्रश्नानंतरचा थांबा आणि त्या थांब्यात ती श्वास घेते ते. मी रोज कोणाचे तरी श्वास कापते किंवा ठेवते, तेच माझं काम. तिचे ठेवलेत. तिथे मला कळलं की मी भुताला घाबरत नाहीये. ही बाई इतकं बोलली, कोणीतरी नऊ वेळा बसून रेकॉर्ड केलं, खोक्यात भरलं आणि तळघरात टाकून दिलं. मला भीती त्याची वाटत होती.

त्याच चित्रपटात जेफ नावाच्या पोराला अंधाराची भीती आहे. जनरेटर बंद पडतो, त्याच्यामागचे दिवे एकामागून एक विझत येतात आणि तो कॉरिडॉरमधून जीव खाऊन पळत असतो. अंधार त्याचा पाठलाग करतो, अक्षरशः. या प्रकारातलं इतकं साधं आणि इतकं पक्कं दृश्य मी दुसरं बघितलेलं नाही.

ती इमारत खरी होती. मॅसेच्युसेट्समधलं डॅन्व्हर्स स्टेट हॉस्पिटल, १८७८ साली उघडलं, १९९२ साली बंद झालं. लोक त्या वास्तूकडे बघून म्हणतात, बांधलीच असेल भीती घालायला. बांधली होती नेमकी उलट विचाराने. टॉमस कर्कब्राइड नावाचे डॉक्टर होते, त्यांनी १८५४ मध्ये मनोरुग्णालय कसं बांधावं यावर पुस्तकच लिहिलं. मधोमध कचेरी, तिच्या दोन्ही बाजूंना पायरीपायरीने मागे सरकत गेलेले वॉर्ड, पंख पसरलेल्या वटवाघळासारखे. प्रत्येक वॉर्ड आधीच्यापेक्षा जरा मागे, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचं ऊन आणि स्वतःचा वारा. उंच छत, मोठ्या खिडक्या, भिंतींच्या आतून हवा खेळवणारे मार्ग, भोवती बागा आणि शेती. इमारतच माणसाला बरं करील अशी त्यांची खरोखर श्रद्धा होती. एका रुग्णालयात २५० पेक्षा जास्त रुग्ण नकोत, असं त्यांचं म्हणणं.

डॅन्व्हर्स बांधलं सुमारे ५०० जणांसाठी. पुढे तिथे २,००० हून जास्त माणसं कोंबली गेली. ज्या कॉरिडॉरमध्ये ऊन यावं म्हणून त्यांची लांबी-रुंदी ठरवली, त्यात खाटा लागल्या. हे वाचल्यापासून कुठल्याही भयपटात तो लांब कॉरिडॉर आला की मला आधी त्याच्या टोकाची खिडकी दिसते. कोणीतरी ती मुद्दाम तिथे ठेवली होती, आतल्या माणसाला उजेडाकडे चालत जाता यावं म्हणून.

माझ्या कानाला त्या हवेच्या मार्गांचं विशेष वाटतं. हवा नेणारी पोकळी आवाजही नेते. पडक्या इमारतीत अशा पोकळ्या वाऱ्याला लागल्या की खालच्या मजल्यावरचं दार वरच्या भिंतीतून कण्हल्यासारखं वाजतं. साउंड डिझायनरने तिथे वेगळं कण्हणं आणून चिकटवायची गरजच नसते.

या इमारती ओस का पडल्या हेही भयपटांत कधी नीट येत नाही. तिथे हमखास एखादा माथेफिरू डॉक्टर असतो, आग लागते, सगळे मरतात. खरी हकीकत अशी की १९५५ च्या सुमारास अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसं होती. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे मानसिक आजारावरचं औषध रुग्णांना द्यायला सुरुवात झाली, दोन वर्षांत ते अमेरिकेत आलं. १९६३ मध्ये केनेडींनी सही केलेला कायदा आला, की उपचार वस्तीत, घराजवळ व्हावेत. मोठी रुग्णालयं हळूहळू रिकामी झाली, पण घराजवळची ती केंद्रं ठरली तितकी कधी उभी राहिलीच नाहीत. कितीतरी माणसं दारातून बाहेर पडली ती थेट रस्त्यावर. माथेफिरू डॉक्टरपेक्षा मला हे जास्त घाबरवतं. म्हणजे डॉक्टरांचे अत्याचार नव्हतेच असं नाही. मेंदूच्या ज्या शस्त्रक्रियेने माणसं कायमची मुकी होऊन बसली, त्या लोबोटॉमीसाठी पोर्तुगीज डॉक्टर एगाश मोनिझ यांना १९४९ मध्ये नोबेल मिळालं. तो सन्मान होता, आणि तोही भर उजेडात दिलेला.

आता दुसरा आवाज. दक्षिण कोरियाचा 'गोंजियाम', २०१८ चा, जंग बुम-शिक यांचा. बंद मनोरुग्णालयात काही तरुण मुलंमुली लाइव्ह प्रक्षेपण करायला जातात, दहा लाख प्रेक्षक जमवायचे म्हणून. कॅमेरे त्यांच्याच अंगावर बांधलेले, एक समोर बघणारा आणि एक उलटा, चेहऱ्यावर रोखलेला. मी आणि माझा धाकटा भाऊ तो एकत्र बघत होतो. एका मुलीचे डोळे पूर्ण काळे होतात आणि ती कॅमेऱ्यासमोर उभी राहून ओठांतल्या ओठांत भरभर काहीतरी पुटपुटायला लागते. अर्थ लागत नाही, शब्द तुटत नाहीत, नुसती ओठांची फडफड. भाऊ उठून खोलीतून निघून गेला. मी राहिले आणि ते दृश्य चार वेळा मागे नेऊन ऐकलं, कारण कारागिरी म्हणून ते अफाट आहे. कानाच्या अगदी आत कोणीतरी बसलंय असं वाटतं. तोंडातले बारीक चिकट आवाज, जे आम्ही एरवी वेचून काढून टाकतो, ते इथे पुढे आणलेत.

पण चौथ्यांदा ऐकल्यावर मी थांबले. मेरी बोलत होती. इथे फक्त पुटपुट आहे. तिथे जे राहून गेले त्यांच्या वाट्याला या चित्रपटात एकही वाक्य आलेलं नाही. खरं गोंजियाम रुग्णालय १९९६ मध्ये बंद पडलं. रुग्ण गूढ रीतीने मेले म्हणून ते बंद झालं, अशा वावड्या वर्षानुवर्षं फिरल्या, लोक रात्री भिंतींवरून उड्या मारून आत जायला लागले. चित्रपट येऊ नये म्हणून मालक कोर्टात गेले, कोर्टाने त्यांचं ऐकलं नाही, आणि त्याच वर्षी ती इमारत पाडून टाकली गेली. चित्रीकरणही तिथे झालेलं नव्हतं, ते बुसानमधल्या एका जुन्या शाळेत झालं. म्हणजे जागेचं नाव तेवढं वापरलं.

'ग्रेव्ह एन्काउंटर्स'ही तसाच, २०११ चा. त्यातली एक कल्पना मला फार आवडते: बाहेर जायचं दार फोडावं तर पलीकडे पुन्हा एक कॉरिडॉरच. अडकलेल्या मनाची इतकी नेमकी प्रतिमा सापडली होती हातात. मग तोंड फाकवून ओरडणारी भुतं येतात आणि मी हेडफोन काढते.

'शटर आयलंड'मधलं रुग्णालय ओसाड नाही, चालतं आहे, पण त्याच्या सी वॉर्डमधलं दृश्य या सगळ्यांच्या वर ठेवावं असं. नायक अंधारात काडीमागून काडी ओढत जातो. काडी पेटल्याचा फर्रकन आवाज, चार क्षण उजेड, पुन्हा काळोख. आणि काडीच्या उजेडात गजांआडचा माणूस त्याच्याशी बोलतो. पूर्ण वाक्यांत, मुद्द्याचं. अंगावर काटा येतो तो त्याच्या जखमांनी नाही, तो जे बोलतो त्याने येतो.

आणि एक भयपट नसलेला चित्रपट, ज्याच्याइतकी भीती मला कशाचीच वाटलेली नाही. फ्रेडरिक वाइजमन यांचा १९६७ चा माहितीपट 'टिटिकट फॉलीज', ब्रिजवॉटर या मॅसेच्युसेट्समधल्याच, मनोरुग्ण कैद्यांना ठेवायच्या संस्थेत चित्रित झालेला. तिथल्या कोर्टाने तो सर्वसामान्य प्रेक्षकांना दाखवायला बंदी केली ती १९९१ पर्यंत उठली नाही. त्यात एक तरुण रुग्ण अधिकाऱ्यांसमोर उभा राहून समजावत असतो, की मला इथे ठेवल्यानेच माझं बिघडतंय, मला परत तुरुंगात पाठवा. मुद्देसूद बोलतो. तो बाहेर गेल्यावर टेबलाभोवतीचे लोक ठरवतात की त्याचा आजार वाढलाय, औषध वाढवा. त्याचं बोलणंच त्याच्या आजाराचा पुरावा ठरतं. पार्श्वसंगीत नाही, किंकाळी नाही. फक्त खोलीचा टोन, खुर्च्या सरकल्याचे आवाज आणि एक माणूस, जो बोलतोय आणि ज्याचं कोणी ऐकत नाहीये.

डॅन्व्हर्सच्या आवारात दफनभूमी आहे. तिथल्या थडग्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर. पुढे पूर्वी उपचार घेतलेल्या लोकांनीच खटपट करून नोंदी शोधल्या आणि त्या माणसांना त्यांची नावं परत मिळवून दिली. न्यूयॉर्क राज्यातलं विलर्ड रुग्णालय १९९५ मध्ये बंद होताना माळ्यावर चारशेहून जास्त सुटकेसेस सापडल्या. दाखल होताना माणसांनी सोबत आणलेल्या: कपडे, फोटो, पत्रं, शिवणकामाचं सामान. बॅग भरणाऱ्याला परत जायचं असतं, म्हणून तर तो बॅग भरतो. त्यांतली कितीतरी माणसं तिथेच वारली. माळ्यावरच्या त्या ओळीने लावलेल्या बॅगा आणि माइकला सापडलेला टेपचा खोका माझ्या डोक्यात आता एकत्रच झालेत.

तर दिग्दर्शक. परवा तो पुन्हा स्टुडिओत आला. मी काही बोलले नाही. दिवे बंद केले, त्याच्या कानाला हेडफोन दिले आणि ती तीन मिनिटं बारा सेकंदांची फाइल लावली. पहिल्या टिक्ला तो हलला नाही. दुसऱ्याला त्याने दाराकडे बघितलं. तिसऱ्याला हेडफोन अर्धवट काढून विचारलं, "ताई, हे काय आहे?" मी सांगितलं. पट्टी, हुक, पडदा, नंबर २३. तो थोडा वेळ तसाच बसला, मग म्हणाला, "परत लाव."

कॉरिडॉरमधल्या किंकाळ्या गेल्या. आता तिथे बूट आहेत, पोपडे आहेत, पाणी आहे आणि दोनदा तो हुक आहे. शेवटच्या प्रसंगातली एका बाईची किंकाळी मात्र त्याला हवीच आहे. त्यावर आमचं तासभर वाजलं. त्याचं म्हणणं, तिथे प्रेक्षकाला धक्का बसायलाच पाहिजे. माझं म्हणणं, त्या बाईला तोंड उघडायला लावतोस तर काहीतरी बोलू दे. शेवटी लेखकाला फोन लावला आणि किंकाळीच्या जागी एक वाक्य मागितलं. फक्त एक, तिचं स्वतःचं. अजून आलेलं नाही. फायनल मिक्स गुरुवारी आहे.